चौऱ्याण्णव टक्के मेंढी

सोलापूर,
८ जुलै २०२४

आदरणीय वीरभद्रप्पा सर,

मेहनाजचा नमस्कार.

अब्बा परवा म्हणाले, "सरांच्या कानांनी आता पुरता राजीनामा दिलाय. फोन जावयाला देऊन टाकला. काय सांगायचंय ते लिहून दे, मी टेम्पोतून नेतो." तेव्हा नबीसाब ट्रान्सपोर्टची सोलापूर-मैंदर्गी डाकसेवा आजपासून सुरू झाली असं समजा. पत्र कांद्याच्या पोत्यांवर बसून येईल. वास आला तर माफ करा.

तुम्ही विचारलं होतं, पीएच.डी.ला मी नेमकं करते काय. सर, तुम्ही ज्युनिअर कॉलेजात शनिवारच्या जादा तासाला फळ्यावर बिंदू आणि रेघा काढायचात, आलेखशास्त्र म्हणून, तेच करते. परीक्षेत येणार नाही म्हणून बाकीची पोरं पळायची. मी बसायचे, कारण अब्बांचा टेम्पो यायला उशीर असायचा.

माणसाच्या पेशीत हजारो प्रथिनं असतात. ती एकेकटी काम करत नाहीत. एकमेकांना धरतात, सोडतात, काम पुढं ढकलतात, अगदी सरकारी कचेरीसारखी. प्रत्येक प्रथिन म्हणजे एक बिंदू. दोघं एकमेकांना धरत असतील तर मध्ये रेघ. झालं जाळं. असंच जाळं यीस्टचं, फळमाशीचं, उंदराचं. मी एकाचं जाळं दुसऱ्याच्या जाळ्यावर ठेवते आणि कुठल्या रेघा एकावर एक बसतात ते बघते. बसल्या, म्हणजे त्या कोट्यवधी वर्षं टिकल्या. म्हणजे महत्त्वाच्या.

आमचे मार्गदर्शक डॉ. मल्लेश गड्डम म्हणाले, "सोलापुरात बसून फळमाशीवर किती दिवस काढायचे? मेंढी घे." जगभरच्या संशोधकांसाठी खुला असलेला एक माहितीसाठा आहे. त्यातून मेंढीचं जाळं उतरवून घेतलं, माणसाच्या जाळ्यावर ठेवलं, आणि सर, शंभरातल्या चौऱ्याण्णव रेघा बसल्या! मल्लेश सर खुर्चीतून उठले. ते सहसा उठत नाहीत.

पेपर एका संशोधन मासिकाला पाठवला आहे. दुआ करा.

तुमची,
मेहनाज

*

मैंदर्गी,
२ ऑगस्ट २०२४

चि. मेहनाज हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. कांद्याचा वास आला, परंतु डोळ्यांत पाणी त्यामुळे आले नाही.

तीस वर्षे मी आलेखशास्त्र शिकवले. त्या काळात एकाच विद्यार्थ्याने मला त्याचा उपयोग विचारला, आणि तो नंतर विम्याच्या धंद्यात गेला. आज मला उत्तर मिळाले. तुझे पत्र मी वाचनालयात मोठ्याने वाचून दाखवले. मला माझा आवाज ऐकू येत नसल्यामुळे किती मोठ्याने, ते सांगता येत नाही. पण समोरच्या पिठाच्या गिरणीतली माणसे बाहेर आली.

तुमच्या घरामागे ज्याची मेंढरे बसतात तो बिरप्पाही आला. कागदावर लिहून दाखवायची सवय आता सगळ्यांना लागली आहे, पण त्याला लिहिता येत नाही, म्हणून माझ्या कानात ओरडून म्हणाला, "मास्तर, मेंढरू चौऱ्यान्नव टक्के मानूस हाय म्हंजी मानसाचं औषध मेंढराला चालंल की!"

मी म्हणालो, तर्कदृष्ट्या शक्यता नाकारता येत नाही.

राहिलेले सहा टक्के कोणते, याचीही चर्चा झाली. बहुमत लोकरीच्या बाजूने पडले.

तुझा,
वीरभद्रप्पा

*

सोलापूर,
१९ सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,

पेपर स्वीकारला! आमच्या संशोधन केंद्रात पेढे वाटले. मल्लेश सरांनी एका बातमीदाराला बोलावलं. मी त्याला तासभर समजावलं. छापून आलं, "मेंढी माणसाची चुलत बहीण : सोलापूरच्या संशोधकाचा दावा." संशोधक म्हणजे मल्लेश सर. फोटोत मी आहे, पण माझ्यापुढं फुलदाणी आहे.

सर, एक सांगायचं होतं. बिरप्पाला सांगा, जाळी जुळली म्हणून औषध जुळतं असं नाही. औषध पोटात कसं जिरतं, बाहेर कसं पडतं, हा निराळाच कारभार आहे. मेंढी रवंथ करते, आपण नाही. तेव्हा माणसाचं काही तिला देऊ नका. माझी मैत्रीण रुपाली तिथल्याच जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे, तिला विचारा.

आणखी एक बारीकशी गोष्ट. उंदराचं जाळं माणसाशी निम्म्याहून थोडंच जास्त जुळतं. उंदरावर शंभर वर्षं काम चाललंय, आणि आप्त म्हणूनही तो मेंढीपेक्षा आपल्याला जवळचा. मग मेंढी त्याच्यापेक्षा इतकी पुढं कशी? मल्लेश सरांना विचारलं. ते म्हणाले, "मेंढी स्वभावानं साधी असते." त्यांनी हे गंभीरपणे म्हटलं की गमतीनं, ते अजून ठरलेलं नाही.

असो. आनंदाच्या पत्रात हे कशाला.

तुमची,
मेहनाज

*

मैंदर्गी,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. मेहनाज हिस आशीर्वाद.

तुझा सत्कार ठरला! मेंढपाळ मंडळ आणि वाचनालय यांच्या संयुक्त विद्यमाने, पंधरा डिसेंबरला. मल्लेश सर प्रमुख पाहुणे म्हणून येणार आहेत. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर मीच लिहिला. शुद्धलेखन मीच तपासले. त्यात एक ओळ मंडळींनी आग्रहाने घातली : "जिला घडविले ते गुरुवर्य वीरभद्रप्पा." मी नको म्हणालो. एकदा.

आता खरी बातमी ऐक. यंदा पाऊस लांबला, मेंढरांच्या खुरांत चिखल साचून ती लंगडू लागली. बिरप्पाची आई राजाबाई हिला गुडघ्यासाठी दुखणे थांबवण्याच्या गोळ्या आहेत. बिरप्पाने त्या भाकरीतून मेंढ्यांना घातल्या. दुसऱ्या दिवशी मेंढ्या सरळ चालू लागल्या! तुझे पत्र मी त्याला वाचून दाखवले होते, नाही असे नाही. पण तो म्हणाला, "मास्तर, पोरगी शिकल्याली हाय, म्हनून भितीया."

राजाबाई तेवढी नाराज आहे. वाचनालयाच्या पायरीवर बसून सर्वांना विचारते, "माज्या गोळ्या मेंढरानं खाल्ल्या. आता मी गुडघं कुनाला दावू, रुपाली डाक्टरला?"

विज्ञानाच्या प्रगतीत कुणाची ना कुणाची गैरसोय होतेच.

तुझा,
वीरभद्रप्पा

*

सोलापूर,
९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सर,

हे पत्र वाचनालयात वाचू नका. एकटे वाचा.

आधी गोळ्या बंद करा. आजच. त्या गोळ्यांनी दुखणं कळेनासं होतं, खूर बरा होत नाही. मेंढी त्या सडक्या खुरावर चालत राहते. आणि त्या गोळ्या तिच्या पोटात जखमा करतात, मूत्रपिंड बिघडवतात. रुपालीला मी फोन केलाय, ती बिरप्पाकडे जाईल.

आता दुसरं. सर, मेंढी माणसाशी चौऱ्याण्णव टक्के जुळत नाही. किती जुळते ते कुणालाच माहीत नाही, कारण मेंढीची प्रथिनं कुणी फारशी तपासलेलीच नाहीत.

मग जाळं कुठून आलं? तर माहितीसाठ्यात मेंढीची जागा रिकामी दिसत होती. ती भरायला त्यांच्या संगणकानं माणसाच्या रेघा घेतल्या. माणसात हे प्रथिन त्याला धरतं ना, मग मेंढीतही तशीच प्रथिनं आहेत, तिथंही धरत असतील, असं समजून रेघा ओढल्या. तसं त्यांनी स्पष्ट म्हटलंही आहे. आम्ही ते वाचलं नाही. वाचलं असतं तर पेढे वाटता आले नसते. त्या उसन्या रेघा काढून टाकल्यावर मेंढीकडं इतकं थोडं उरलं की त्याला जाळं म्हणणं म्हणजे एका दोरीला खाट म्हणणं.

घटक चाचणीला तुम्ही दोन पेपर शेजारी ठेवायचात आणि म्हणायचात, "उत्तरं जुळली याचं कौतुक नाही, कुणी कुणाचं बघून लिहिलं ते सांगा." सर, आम्ही माणसाचा पेपर आणि त्याचीच नक्कल शेजारी ठेवली, आणि नक्कल इतकी चांगली जुळली म्हणून सोलापूरभर बातमी केली.

मल्लेश सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग दार लावून घेतलं.

"मेहनाज, पेपर छापून आला ना?"

"हो सर. पण चुकीचा आहे."

"छापून आला तो आला. आता तो बरोबर का चूक, हा पुढच्या पेपरचा विषय."

"मग मासिकाला कळवू या."

"कळवू की. आधी तुझा प्रबंध होऊ दे. त्यावर माझी सही लागते, माहीत आहे ना?" एवढं बोलून त्यांनी मला चहा विचारला.

मला चार वर्षं लागलीत इथवर यायला. काय करू ते सांगा. आणि सत्कार तेवढा रद्द करा.

मेहनाज

*

मैंदर्गी,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. मेहनाज,

पत्र एकट्याने वाचले.

निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या आहेत. फ्लेक्स अक्कलकोटहून आला आहे. त्यावर तू, मल्लेश सर, मी आणि एक मेंढी, असे चौघे आहोत. छापणाऱ्याने मेंढी परदेशी घेतली, पण आता इलाज नाही.

तू नेहमीच फार काटेकोर. बारावीच्या चाचणीतही पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा माझ्याकडे येऊन म्हणालीस, सर, एका गणितात पायरी गाळली आहे, एक गुण कमी करा. मी केला नाही. आता तुझे मार्गदर्शक म्हणतात थांब, तर थोडे थांब. सत्कार होऊ दे, प्रबंध होऊ दे, मग काय ते सावकाश कळव. पंधरा डिसेंबरला तू फक्त दोन शब्द बोल. आभाराचे.

इकडे सगळे ठीक. मेंढ्या ठीक. काळजी नसावी.

वीरभद्रप्पा

*

सोलापूर,
२८ नोव्हेंबर २०२४

सर,

रुपालीचा फोन आला. तुमचं पत्र लिहून व्हायच्या आधल्याच दिवशी बिरप्पाच्या दोन मेंढ्या मेल्या. त्यातली एक गाभण होती. गोळ्या रुपालीनं थांबवल्या होत्या, पण उशीर झाला होता. तिनं पोट फाडून बघितलं, आत रक्त होतं. तिनं हेही सांगितलं, की ती हे करत होती तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात.

"मेंढ्या ठीक" असं तुम्ही लिहिलंत.

मी मासिकाला कळवलं आहे. मल्लेश सरांना न विचारता. कळवलं आणि त्यांच्या दारावर जाऊन तसं सांगितलं. त्यांनी या वेळी चहा विचारला नाही.

सत्काराला मी येणार आहे. दोन शब्दच बोलेन.

मेहनाज

*

मैंदर्गी (अब्बांच्या घरून),
१६ डिसेंबर २०२४

सर,

तुमचं घर इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण हाक तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि दार ठोठावायला माझे पाय निघाले नाहीत. म्हणून लिहिते.

तुम्हाला ताप आला असं मंडळाच्या लोकांनी सांगितलं. तुमची खुर्ची ठेवली होती. तिच्यावर तुमची शाल आणि नारळ.

मल्लेश सर मात्र आले. मासिकाकडून त्यांना विचारणा झाली होती, तरी आले. माणूस आणि मेंढी यांच्या प्राचीन नात्यावर ते अर्धा तास बोलले. घोंगडीचाही उल्लेख झाला. टाळ्या.

मग मी उठले. म्हणाले, "आमचं संशोधन चुकलं. आम्ही माणसाची तुलना माणसाशीच केली आणि त्याला मेंढीचं नाव दिलं." टाळ्या. सूत्रसंचालक माइक ओढून म्हणाले, "एवढी मोठी झाली, पण केवढा हा विनय!" मी पुन्हा म्हणाले, "विनय नाही, चूक आहे." त्यावर अध्यक्षांनी स्वतः उभं राहून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मी कन्नड बोलतेय की उर्दू?

तेवढ्यात मागून बिरप्पा उठला.

"टाळ्या वाजवू नगा की! ती काय म्हनतीया ते आयका जरा. मेहनाज, मला सांग. मेंढराचं कुनी बगितलंच न्हवतं?"

"न्हवतं, काका."

"मंग ते चौऱ्यान्नव?"

"ते माणसाचे होते."

"म्हंजी माझी मेंढरं फुकट मेली व्हय?"

"व्हय."

तो शिवी देईल, शाल ओढून घेईल, असं मला वाटलं. बरंच झालं असतं. तो नुसता उभा राहिला, टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "गाभन व्हती. तुला म्हाईत हाय का, ती तुज्या दारातली पाटी चाटायची." मग खाली बसला.

राजाबाई तेवढी मोठ्यानं म्हणाली, "मी म्हनलं व्हतं की, गोळ्या माज्या हाईत म्हनून!" आणि लोक हसले. सुटल्यासारखे हसले. मला ते हसणं अजून ऐकू येतंय.

मल्लेश सर जेवायला थांबले नाहीत.

तुमची शाल अब्बांकडे आहे.

मेहनाज

*

मैंदर्गी,
४ जानेवारी २०२५

चि. मेहनाज हिस आशीर्वाद.

मला ताप नव्हता.

आयुष्यात मी सहा मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केले. त्यांची नावे कोनशिलेवर आहेत. माझे नाव कुठेही छापून आले नव्हते. विजेच्या बिलावरही वडिलांचेच आहे. निमंत्रणपत्रिका हातात आली तेव्हा मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मेंढ्या मेल्या तेव्हा रुपालीशेजारी उभे राहून मी दुसऱ्या कशाचा विचार करत नव्हतो. आता सत्काराचे काय होणार, एवढाच. हे लिहायला लाज वाटते, पण बोललो तर सबंध आळी ऐकेल, म्हणून लिहिणेच बरे.

गावात तुझ्याबद्दल काय म्हणतात ते कळव, असे तू विचारणार नाहीस, तरी कळवतो. निम्मे म्हणतात, पोरगी फार मोठी, स्वतःला छोटी म्हणते. निम्मे म्हणतात, मार्गदर्शकाशी बिनसले. तू जे म्हणालीस तेच तू म्हणालीस, असे मानणारा बिरप्पा एकटाच.

काल त्याच्याकडे गेलो. क्षमा मागितली. तो काहीतरी बराच वेळ बोलला. मला एक अक्षर ऐकू आले नाही, आणि मी पुन्हा सांग म्हणालो नाही. शेवटी त्याने दुधाचा पेला पुढे केला, तो घेतला.

तुझ्या प्रबंधाचे काय?

तुझा,
वीरभद्रप्पा

*

सोलापूर,
२२ जून २०२५

आदरणीय सर,

फार महिने लिहिलं नाही. तुमच्या पत्रावर काय उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं. अजूनही सुचलेलं नाही, म्हणून बातम्याच देते.

पेपर मागं घेतला गेला. मासिकानं छापलं, "लेखकांनी स्वतः प्रामाणिकपणे त्रुटी निदर्शनास आणून दिली." लेखकांत पहिलं नाव मल्लेश सरांचं. त्यांना आता जागोजागी व्याख्यानाला बोलावतात. विषय, "माहितीतील नक्कल कशी ओळखावी." चित्रं माझीच दाखवतात. मी एका व्याख्यानाला मागच्या रांगेत बसले होते. खरं सांगू? व्याख्यान चांगलं झालं. समोरची पोरं लिहून घेत होती. मला राग यायला हवा होता, तो घरी पोचल्यावर आला.

मी दुसऱ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. प्रबंध पहिल्यापासून. केंद्रातले लोक मला पाहून मोबाइलमध्ये बघतात. अम्मी विचारते, "अजून किती?" मी तिला बिंदू-रेघा सांगते, मग ती विचारत नाही.

पण सर, मी मेंढी सोडलेली नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं जागा दिली आहे. तिथं मेंढीची दोन प्रथिनं यीस्टच्या पेशीत घालतात. त्या दोघांनी एकमेकांना धरलं तर यीस्ट वाढतं, नाही धरलं तर उपाशी मरतं. तक्रारीला जागा नाही. त्यासाठी मेंढीचा नमुना हवा. बिरप्पाला विचारायचा धीर मला नाही. तुम्ही विचाराल?

मेहनाज

*

मैंदर्गी,
११ जुलै २०२५

चि. मेहनाज हिस आशीर्वाद.

विचारले. या वेळी जावयाला बरोबर नेले, ऐकून लिहून द्यायला. बिरप्पाचे शब्द त्याने उतरवले ते असे : "मेंढराचं बगायचं म्हनून मेंढराकडं आली न्हवं? मंग न्हेऊ दे. पर मारायचं न्हाय, आन् गोळी न्हाय."

रुपालीने मानेतून रक्त काढले. मेंढीचे डोके मी धरले होते. मला असे वाटले होते की मी तिला धरून ठेवले आहे. प्रत्यक्षात तिने मला गोठ्याच्या भिंतीशी धरून ठेवले होते. राजाबाई हसून हसून खाली बसली. माझा गुडघा सुजला आहे. तिने तिची गोळी देऊ केली. घेतली नाही.

बाटली बर्फात घालून नबीसाबकडे दिली आहे.

तुझा,
वीरभद्रप्पा

*

सोलापूर,
१४ फेब्रुवारी २०२६

आदरणीय सर,

गेल्या महिन्यात पुण्याहून निकाल आला. आम्ही मेंढीच्या प्रथिनांच्या वीस जोड्या तपासल्या. सगळ्या माणसाकडून उसन्या घेतलेल्या रेघा. त्यातल्या अकरा धरतात, नऊ धरत नाहीत. आणि शेजारी सहज म्हणून तपासलेली एक जोडी, जी माणसात धरत नाही, ती मेंढीत धरते! पुन्हा केली. पुन्हा धरली. तिसऱ्यांदा मॅडमनी स्वतः केली. यीस्ट असं वाढलं होतं की बशीवर साय आल्यासारखं दिसत होतं.

सर, मेंढीच्या जाळ्यात एक रेघ मेंढीची स्वतःची आहे. तिचा उपयोग काय, ते मला माहीत नाही. अब्बांनी विचारलं तेव्हा हेच सांगितलं. ते म्हणाले, "मग रडतेस कशाला?"

लगेच माहितीसाठ्याला कळवलं. त्यांनी तपासून काल ती रेघ घेतली, खाली माझं नाव, रुपालीचं नाव, आणि मी हट्टानं घातलेलं "नमुना : बिरप्पा यांचा कळप, मैंदर्गी." तुम्ही त्याला वाचून दाखवा. वाचनालयात, मोठ्यानं.

आज सकाळी मी पुन्हा तो साठा उघडला. नुसतं बघायला. आमची रेघ मेंढीत होती. आणि सर, तीच रेघ शेळीतही होती. मेंढीत धरतं ना, मग शेळीतही धरत असेल, असं त्यांच्या संगणकानं रातोरात ठरवून टाकलं होतं. शेळीला कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

मग रुपालीला फोन केला, सगळं सांगितलं. ती दवाखान्यातच होती. मागं जनावरं ओरडत होती.

मग म्हणाली, "शेळी कुणाची धरू?"

तुमची,
मेहनाज